पुढची पार्टी

मी शाळेत इंग्रजी शिकवते. शब्द अडला की आधी वाक्य पुन्हा वाचा, मग डिक्शनरी उघडा, असं पोरांना ओरडून ओरडून माझा घसा बसतो. पण आमच्या म्हैसूरमध्ये एक इंग्रजी शब्द असा आहे की त्याच्यासाठी मी स्वतः कधी डिक्शनरी उघडली नाही. लीज. हा शब्द भाजीवालीला ठाऊक, रिक्षावाल्याला ठाऊक, इंग्रजीचं एक अक्षर न वाचलेल्या माझ्या आईलाही ठाऊक. इथे माणूस एक तर स्वतःच्या घरात राहतो, नाहीतर भाड्याच्या, नाहीतर लीजच्या.

माझी नणंद पुण्यात दिलेली आहे. आई-अप्पांनी लीजवर घर घेतलं असं मी तिला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे भाडेपट्टा ना? महिन्याला किती पडतं?"

"महिन्याला काही नाही गं."

"काही नाही म्हणजे? फुकट?"

मग वर्गात शिकवते तसं तिला समजावून सांगितलं. मालकाला सुरुवातीला एकदाच मोठी रक्कम द्यायची. मग तीन वर्षं त्याच्या घरात राहायचं, भाडं एक पैसा नाही. मुदत संपली की आपण चावी द्यायची आणि त्याने आपली रक्कम जशीच्या तशी परत करायची. व्याज त्याचं, घर आपलं.

"हां, म्हणजे आमच्याकडचं हेवी डिपॉझिट," ती म्हणाली. मग तिनेच विचारलं, "पण वहिनी, निघताना त्याने हात वर केले तर?"

"अय्यो, हात वर कसे करेल? लीज आहे ती!"

हे काही उत्तर नव्हतं, हे आता कळतं. पण आमच्या गावात सगळे हेच उत्तर देतात, आणि ऐकणाऱ्याचं समाधानही होतं.

खरी गोष्ट अशी की मालकाकडे ती रक्कम कधीच नसते. मुलीचं लग्न, वरचा मजला, गाडी, कशात तरी ती गेलेली असते. तो परत करतो ते पुढच्या माणसाचे पैसे. ब्रोकर लोक त्याला 'पुढची पार्टी' म्हणतात. पुढची पार्टी घरात येते, पैसे मालकाच्या हातावर ठेवते, मालक त्याच हाताने ते जुन्या माणसाला देतो आणि जुना माणूस चावी काढून देतो. सगळं एका बैठकीत होतं, वर कॉफी असते. म्हणून आमच्याकडे घर दाखवायचं काम मालक करत नाही, राहणारा करतो. कोणी बघायला येणार म्हटलं की दारात रांगोळी पडते, भिंतीवरच्या ओलीपुढे कपाट सरकतं, आणि घरची बाई पाण्याची तोंड भरून स्तुती करायला लागते. आपली आयुष्यभराची पुंजी समोरच्याच्या खिशातून येणार असते ना! मुलगी दाखवायची असावी तशी धांदल असते.

अप्पा कडकोळच्या एका कारखान्यात होते. आमचे पूर्वज म्हैसूरच्या राजाच्या फौजेतले. आजोबांचा गणवेशातला फोटो आजही अप्पांच्या खोलीत आहे आणि "आपण खाल्ल्या मिठाला जागणारी माणसं" हे वाक्य मी लहानपणापासून इतक्या वेळा ऐकलं की पुढे पुढे कानावर हात ठेवायची. स्वतःचं घर बांधायचं राहून गेलं. आजीचं आजारपण आलं, मग माझं लग्न. रिटायर झाल्यावर हातात पीएफ आला तो सगळा त्यांनी लीजमध्ये घातला. मी म्हटलं, थोडे बँकेत ठेवा. तर म्हणाले, "भाडं म्हणजे दर महिन्याला पाण्यात सोडायचे पैसे. लीज म्हणजे ठेव. तू इंग्रजी शिकव, हे मला कळतं."

घर दुसऱ्या मजल्यावर होतं. गच्चीवरून टेकडी दिसायची. आमच्या आधी तिथे लीजवर राहणाऱ्या बाईंनी घर दाखवताना आईला बागेतली कर्दळ दाखवली, पाणी गोड आहे म्हणून सांगितलं आणि चावी देताना डोळ्याला पदर लावला. आई गलबलली. "बिचारीचा जीव अडकलाय घरात," असं वाटेत म्हणत होती. कशात अडकला होता तो जीव, देव जाणे.

मुदत संपत आली तोवर आईचे गुडघे पार गेले होते. जिना उतरताना ती कठड्याला धरून उलटी उतरायची. आमच्या घराजवळ तळमजल्यावर एक घर रिकामं होणार होतं, ते घ्यायचं असं ठरलं. आणि त्याच सुमाराला बँकेचे लोक आले.

शाळेला सुट्टी होती म्हणून मी तिथेच होते. दोघं जण होते, मोठे सभ्य. मालक आहेत का विचारलं. मालक बेंगळुरूला असतात, अप्पांनी सांगितलं. त्यातला मोठा म्हणाला, घर आमच्याकडे तारण आहे, हप्ते बरेच थकलेत, ते फोन उचलत नाहीत. मग त्याने विचारलं, "तुम्ही भाड्याने आहात का?"

"नाही. लीज," अप्पा म्हणाले. अजून त्यांच्या आवाजात ऐट होती.

त्याने हातातलं पाणी पिऊन टाकलं, भांडं खाली ठेवलं. "सर, मुदत कधी संपते?"

"संपलीच म्हणा."

"मग लवकर पैसे काढून घ्या. घर लिलावात गेलं तर घेणारा तुमची लीज मानेलच असं नाही." एवढं बोलून ते गेले. आवाज चढवला नाही, धमकी दिली नाही, जाताना आईला नमस्कारही केला.

अप्पांनी मालकाला फोनवर फोन केले. संध्याकाळी तो सापडला. "अंकल, तुम्ही सुम्ने टेन्शन घेता," तो म्हणाला. सुम्ने म्हणजे उगाच. "पुढची पार्टी आणा. त्यांचे पैसे येतील ते तसेच तुमच्या हातात. मी एक रुपया ठेवून घेणार नाही." आणि खरं सांगायचं तर तो खोटं बोलत नव्हता.

मग अप्पांची पायपीट सुरू झाली. देवराज मोहल्ल्यात एका शिंप्याच्या दुकानाला लागून आमचा ब्रोकर स्टुलावर बसतो. दुकान नाही, पाटी नाही, नुसता फोन. अप्पा रोज तिथे जाऊन बसायला लागले. पार्ट्या यायच्या. एकीला जिना नको, एकीला दक्षिणेचं दार नको, एकीने मांस शिजवता येईल का विचारलं आणि शेजारणीचं तोंड बघून परत गेली. प्रत्येक वेळी आई घर झाडायची, कॉफी करायची, आणि माणसं गेली की खाटेवर पडून राहायची. अप्पांची जेवणावरची वासना उडाली होती. कॉलर गळ्याभोवती सैल दिसायला लागली. मला माझ्या नवऱ्याच्या आणि माझ्या पगारातून त्यांना किती देता येईल याचा हिशेब करून करून वेड लागायची पाळी आली. आमचं घर दोन खोल्यांचं. एका खोलीत सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या.

मी अप्पांना एकदाच विचारलं, "येणाऱ्यांना बँकेचं सांगायचं नाही का?"

"मालकाचं कर्ज मालक बघेल. आपण कोण सांगणारे?"

"अप्पा!"

"मग काय करू ते सांग. जावयाच्या दारात येऊन पडू?" ते इतक्या जोरात ओरडले की खालच्या घरातला कुत्रा भुंकायला लागला. त्यानंतर मी तो विषय काढला नाही.

एका रविवारी ब्रोकरने फोन केला. "सर, तुमचेच लोक आणतोय. मराठी." नंजनगूडहून नवरा-बायको आले. तो तिथल्या एका कारखान्यात, मुलीला म्हैसूरला कॉलेजात घातलेलं, म्हणून इकडे राहून तो रोज गाडीने जाणार. आमच्यासारखंच मराठी बोलायचे, मधेमधे कन्नड. आईला कोण आनंद झाला! कुठले, कुणाचे, कोणत्या देवाचे, सगळी चौकशी झाली. ती बाई माझ्याहून थोडी लहान असेल. चप्पल दारात काढून सरळ आत आली आणि आईबरोबर स्वयंपाकघरात जमिनीवरच बसली. मी कॉफीचे पेले धुवत होते.

"घर मला आवडलं बघा काकू," ती म्हणाली. "यांच्या भावांनी वाटणी केली. आमच्या वाट्याचे तेवढेच आहेत हातात. भाड्यात घातले तर मुलीचं कॉलेज संपायच्या आत संपतील. लीज म्हणजे पैसे कुठे जात नाहीत. तीन वर्षांनी तिच्या लग्नाला आहेतच."

आई फिल्टरमधून कॉफीचं डिकॉक्शन ओतत होती. तिचा हात थांबला. मी तिच्याकडे बघितलं आणि मला कळलं की आता ही बोलणार.

"नको घेऊ हे घर," आई म्हणाली.

"अं?"

"बँकेचं कर्ज आहे यावर. मालक हप्ते भरत नाही. बँकेची माणसं येऊन गेली. तुझे पैसे बुडतील, बाळ. दुसरं बघ."

मला आईला मिठी मारावीशी वाटली आणि त्याच क्षणी अप्पांचे अडकलेले पैसे आठवले. ती बाई उठून उभी राहिली. दाराकडे वळून तिने नवऱ्याला हाक मारली, "अहो, इकडे या जरा. या काकू काय म्हणतात बघा."

तिच्या नवऱ्याच्या मागोमाग अप्पा आले. दारातच उभे राहिले. तिने आईचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. मी अप्पांच्या चेहऱ्याकडे बघत होते. मला वाटलं, आता हे मान खाली घालतील.

अप्पा हसले. मोठ्याने, अगदी मोकळं हसले. कितीतरी दिवसांनी त्यांना हसताना बघत होते मी.

"अहो, हिचं काय मनावर घेता! हिला घर सोडवत नाही. जो बघायला येतो त्याला ही काहीतरी सांगून पळवते. मागच्यांना भूत आहे म्हणाली!"

तिचा नवरा हसला. ब्रोकर बाहेरून हसला. ती बाई मात्र हसली नाही. ती आईकडे वळली आणि हळूच म्हणाली, "हो का हो काकू?"

त्या घरात भूत आहे असं कधी कुणीही सांगितलं नव्हतं. आईने एकदा अप्पांकडे बघितलं. सैल कॉलरकडे, दाराची चौकट घट्ट धरलेल्या हाताकडे. मग तिने डिकॉक्शनमध्ये दूध ओतलं आणि पेला त्या बाईपुढे केला.

"कॉफी निवतेय," ती म्हणाली. "घे."

ती बाई सैल झाली. हसलीसुद्धा. "मला वाटलंच," म्हणाली, "मीही आमचं घर सोडताना अशीच करत होते."

ते गेल्यावर मी अप्पांना नको नको ते बोलले. मीठ काढलं, फौज काढली, आजोबांचा फोटो काढला. ते खुर्चीत बसून ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "तुझी आई जिना उलटी उतरते. बघितलंस ना?" आई मधे पडली नाही. ती पेले विसळत होती. एकदा धुतलेले पेले ती पुन्हा विसळत होती.

मी ब्रोकरकडे त्या लोकांचा नंबर मागितला. ब्रोकर नंबर देतात होय! "मॅडम, सगळं माझ्यामार्फत," तो म्हणाला.

ठरल्या दिवशी सगळे जमले. मालक बेंगळुरूहून आला, मिठाई घेऊन. पैसे त्या बाईच्या नवऱ्याकडून मालकाकडे आणि मालकाकडून अप्पांकडे गेले. एक रुपया मालकाने ठेवून घेतला नाही. अप्पांनी चावी दिली. त्या बाईने आईच्या पाया पडून तिचा नंबर घेतला, पाणी सोडणाऱ्याचं, दूधवाल्याचं विचारायला लागेल म्हणून. आईने डोळ्याला पदर लावला. ती बाई म्हणाली, "काकू, कधीही या. तुमचंच घर आहे."

तळमजल्यावरच्या घराचा मालक म्हणाला, लीजवर देतो, भाड्यानेही देतो, काय हवं ते सांगा. अप्पांनी क्षणभरही विचार केला नाही. "भाडं," ते म्हणाले. पीएफचे पैसे बँकेत ठेवले. भाड्याला पाण्यात सोडायचे पैसे म्हणणारा माणूस आता पहिल्या तारखेला सकाळीच भाडं देऊन येतो. आई अप्पांशी आता कामापुरतंच बोलायची. जेवायला या, गोळी घेतली का, दार लावा. भांडण नव्हतं. भांडली असती तर बरं झालं असतं असं मला वाटायचं.

त्या बाईचे फोन यायचे. सुरुवातीला दूधवाल्याचे, पाण्याचे. मग सहजच. कर्दळीला फूल आलं, मुलीला सर्दी झाली. फोन वाजला आणि तिचं नाव दिसलं की अप्पा उठून अंगणात जायचे.

गेल्या शनिवारी शाळा अर्धी होती म्हणून दुपारी मी आईकडे गेले. ती कणीक मळत होती. अप्पा खुर्चीत पेपर धरून बसले होते, डोळा लागला होता. फोन वाजला. आईचे हात भरलेले, म्हणून मी बटण दाबून तो स्पीकरवर तिच्यापुढे ठेवला.

"काकू," ती बाई म्हणाली. "बँकेची माणसं आली होती."

आईचे हात कणकेत तसेच राहिले. अप्पांनी डोळे उघडले. अंगणात जायला त्यांना वेळच मिळाला नाही.

"काकू, ऐकताय ना? मी तुम्हाला बोल लावायला फोन नाही केला. तुम्ही तर सांगितलं होतं मला. माझ्या तोंडावर सांगितलं होतं. मीच ऐकलं नाही." तिचा आवाज रडवेला नव्हता. खूप रडून झाल्यावर होतो तसा होता. "मालकाशी बोलले हे. तो म्हणाला, पुढची पार्टी आणा."

"हं," आई म्हणाली.

"उद्या ब्रोकर एक जोडपं आणतोय. नवीनच लग्न झालेलं, बाई पोटुशी आहे म्हणे. दोघांच्या आई-बापांनी मिळून पैसे दिलेत. काकू, मला खोटं बोलता येत नाही हो. माझ्या तोंडावर सगळं दिसतं. म्हणून म्हटलं, तुम्ही दोघांनी केलं तसंच करू. मी त्या मुलीला खरं काय ते सांगून टाकते, म्हणजे मला पाप लागायचं नाही. मग हे येऊन हसतील."

मी आईकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती.

"फक्त काका तेव्हा नेमकं काय म्हणाले होते, ते मला नीट आठवत नाही. यांनाही नाही आठवत. भुताचं काहीतरी होतं. तेवढं सांगा ना. यांना पाठ करायला सांगते."

आईने हाताची कणीक परातीच्या काठाला पुसली. एक एक बोट पुसलं. मग दोन बोटांनी फोन उचलला, उठली, आणि गुडघे धरत धरत अप्पांच्या खुर्चीपाशी गेली.

"घ्या," ती म्हणाली. "तुमच्यासाठी आहे."

अप्पांनी पेपर खाली ठेवला नाही. आई फोन धरून तशीच उभी राहिली.

"काका?" ती बाई विचारत होती. "काका, आहात ना?"